पाणी सांडणारे मामा

आमच्या चेन्नईच्या घरमालकांनी लोकांचं जेवढं पाणी सांडलं, तेवढं त्या शहरात दुसऱ्या कुणी सांडलं नसेल. आणि हे अशा शहरात, जिथे उन्हाळ्यात पाण्याची लॉरी आली की बायका हातातलं काम टाकून घागरी घेऊन धावतात. ते मूळचे तंजावरचे. त्यांची मराठी ऐकताना कुणीतरी तामिळ चालीवर बखर वाचतंय असं वाटे. सगळी नोकरी मलेरिया खात्यात गेली. निवृत्तीनंतरही कुंड्या, करवंट्या, गच्चीवरच्या टाक्या असं काहीही साचलेलं दिसलं की ते उपडं करत सुटत. कुणी हटकलं तर म्हणत, "मी रिटायर झालों, कोसु झाला नाही." कोसु म्हणजे तामिळमध्ये डास. वेस्ट मांबलम हा आमचा सारा भाग त्यांना 'कोसु मामा' म्हणे, आणि मीही मामाच म्हणू लागलो.

मी साताऱ्याहून मोटारीच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी तिथे गेलो त्या दिवशी माझ्या बॅगा अजून दारातच होत्या, तोवर मामा बॅटरी आणि लांब दांड्याचा डाव घेऊन आत शिरले. बोलणं नाही, चालणं नाही. त्यांनी फ्रीज भिंतीपासून ओढला, मागचा ट्रे डावाने ढवळला आणि मला वाकायला लावून म्हणाले, "पाहा, तुज आधी येथ बिऱ्हाड कोणी केलें तें!" ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या. भाड्याच्या अटी त्यानंतर सांगितल्या. एकदा समोरच्या इमारतीत कुणाची तरी वास्तुशांत होती. दारात पितळी घंगाळात पाणी भरून त्यावर फुलं सोडली होती. रेशमी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून आलेल्या मामांनी यजमानांना नमस्कार केला आणि त्याच वाकण्यात घंगाळ गटारात रिकामं केलं. पुढे दोन इमारतींच्या रखवालदारांना त्यांना आत न सोडण्याची ताकीद मिळाली. मग ते फाटकाबाहेर उभे राहून ओरडत, "तिसरा मजला! मनीप्लांटची बाटली!"

फक्त एका वस्तीचं पाणी त्यांनी कधी सांडलं नाही. कोपऱ्यावर सेल्वी नावाची बाई हातगाडीवर इस्त्री करायची. ती मागच्या कालव्याकाठी, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत राही. तिथे नळ नव्हता. आठवड्यातून दोनदा लॉरी येई आणि ते पाणी दारापुढच्या निळ्या पिंपांत पुरवून वापरायचं. मामा दर शुक्रवारी तिथे जात आणि प्रत्येक पिंपावर जुन्या वेष्टीचा तुकडा ताणून बांधत. मी एकदा विचारलं, "मामा, इथलं नाही ओतायचं?" ते माझ्यावरच उखडले. "ओतून तिनें प्यावें काय?" सेल्वीची आठ वर्षांची मीना त्यांची हुबेहूब नक्कल करी. कमरेवर हात ठेवून ती शेजारणींना दटावायची, "झाका! झाका!" आणि मामा तोंड फिरवून हसायचे.

त्या वर्षी ऐन पावसात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. तीन शुक्रवार ते काळा चष्मा लावून खुर्चीत धुमसत बसले. "पिंपांवरचीं फडकीं फाटलीं असतील," हे दिवसातून चारदा म्हणत. मी 'जाऊन बघतो' म्हणायचो. गेलो नाही. कारखान्यातून यायला उशीर व्हायचा, हे खरं आहे, पण रविवार मोकळा होता.

एका सकाळी सेल्वी इस्त्रीचे कपडे द्यायला आली; मामांना ती आदराने 'अय्या' म्हणे. मामांनी मीनाची चौकशी केली. "चार दिवस ताप होता अय्या," ती म्हणाली, "औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. काल उतरला. आता नुसती झोपून आहे, हातपाय गार लागतात." मामा एकदम उभे राहिले. "ऑटो बोलाव!" ते मला म्हणाले. "डेंग्यूचा ताप उतरला म्हणजेच भ्यावें!"

सरकारी रुग्णालयाच्या मुलांच्या कक्षात एकेका खाटेवर दोन दोन मुलं होती. मीनाला मिळालेल्या खाटेवर आधीच एक मुलगा सलाईन लावून झोपला होता. नर्सबाई अक्षरशः धावत होत्या. दोष द्यावा असं तिथे कुणी नव्हतं. कागदावर 'रुग्णाशी नातं' अशी जागा होती. मामांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि ती जागा कोरी सोडून सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मीना गेली.  सेल्वीने मुलीचा फ्रॉक गुडघ्यांवर ओढून सारखा केला, एवढंच.

त्यानंतर मामांनी बाहेर पडणं सोडलं. समोरच्या गच्चीवर नारळाच्या करवंट्या भरून राहिल्या, तरी ते बघत बसत. मी धीर करून म्हणालो, "मामा, चूक माझी. मी बघतो म्हणालो होतो." ते म्हणाले, "तूं गेला असतास, फडकें बांधलें असतेंस. पुढल्या पावसांत पुन्हा फाटलें असतें." पंधराव्या दिवशी सेल्वी त्यांचे कपडे घेऊन आली, घड्या नेहमीसारख्या नीट. मामांना मान वर करवेना. तिनेच विचारलं, "अय्या, जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "अर्ज लिही. त्या रांगेस नळ पाहिजे." पुढचं दीड वर्ष आमचं तेच चाललं. दर सोमवारी ते सेल्वीला घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जात. कधी साहेब जागेवर नसत, कधी ती वस्ती नकाशावर नसे. एवढा भांडकुदळ माणूस, पण तिथे आवाज चढवत नसे. बाकावर बसून राही आणि कचेरी बंद झाली की उठे.

मग माझी बदली पुण्याला झाली. परवा सकाळी त्यांचा फोन आला.

"बाळा, नळ आला. पाणी बारीक येतें. येतें मात्र."

"सेल्वी आहे का तिथे?"

"पहिली घागर तिनें भरली. मग घागरीपाशीं बसली ती अजून उठली नाही."  मग म्हणाले, "उशीर झाला की रे."

 ते फोन ठेवेनात, मीही ठेवला नाही. पलीकडे एक बाई तामिळमध्ये दुसरीला सांगत होती, तिला बसू दे, तू तुझी घागर लाव.