खडपावरच्या पोराचं तात्पर्य

मालिनीबाईंना कुठलीही गोष्ट सरळ संपलेली खपत नसे. बालवाडीत उभा जन्म काढला, त्याची ही खोड. मासळीबाजारात बांगड्याच्या वाट्यात एखादा नरम निघाला, तरी त्या मासेवालीला तिथेच विचारायच्या, "यावरून काय शिकायचं गो आपण?" मासेवाली जे शिकायचं ते शिकली होती, बाई लांबून दिसल्या की नरम बांगडा ती आधीच टोपलीच्या तळाला सारायची. रिक्षावाले, दूधवाला, बँकेतली मुलं, कुणाची सुटका नव्हती. सगळ्या आळीने त्यांना 'तात्पर्यबाई' ठरवलं होतं. ते बाईंच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना ते आवडायचंही.

निवृत्तीनंतर हे वेड जरा निवलं असतं, पण गंधारने ते निवू दिलं नाही. गंधार त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वाढलेला, त्यांच्याच बालवाडीत नाक पुसून घेतलेला. मुंबईला जाऊन ॲनिमेशन शिकला, थोडे दिवस नोकरी केली, वैतागून परत आला आणि मारुती मंदिराजवळ दोन खोल्या घेऊन मुलांसाठी मराठी कार्टून करायला लागला. प्रत्येक भागाच्या शेवटी बाईंचा आवाज यायचा. "काय बाळांनो, ऐकलंत ना?" मग क्षणभर काहीच नाही, म्हणजे घराघरातल्या पोरांनी टीव्हीपुढे "हो" म्हणून ओरडायचं. आणि त्यानंतर तात्पर्य. गोड बोलावं, खोटं बोलू नये, आई-वडिलांचं ऐकावं. गंधार म्हणायचा, "बाई, चित्रं कुणीपण काढेल, पण हे तुम्हीच म्हणायचं."

त्या मधल्या मोकळ्या जागेचं मात्र बाईंना भय होतं. हेडफोन कानावर घालून "ऐकलंत ना?" म्हटलं, की त्या शांततेत त्यांना एक बारीकसं "व्हय" ऐकू यायचं. पहिल्यांदा त्यांनी गंधारला रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. त्यात काही नव्हतं. दुसऱ्यांदाही नव्हतं. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं. तो आवाज कुणाचा ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ लवू असाच "व्हय" म्हणायचा, आणि तो जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली होती.

घरात बाई आणि त्यांची आई येसूबाई, दोघीच. बाईंचे यजमान वारलेले, मुलगी पुण्याला. गावचं घर बंद झालं तेव्हा येसूबाई लेकीकडे आली ती कायमची. ऐंशी ओलांडलेली, कानाने धड, गुडघ्याने अधू. संध्याकाळी जिन्याखालच्या कट्ट्यावर बसायची आणि बिल्डिंगमधली पोरं भोवती जमली की गोष्टी सांगायची. तिच्या पोतडीत गोष्टी पुष्कळ होत्या, पण पोरं मागायची ती एकच, खडपावरच्या पोराची. खाडीकाठच्या एका गावात एक पोर होता. एकदा ओहोटीला तो खाडीतल्या खडपावर, म्हणजे त्या काळ्या कातळावर, शिंपल्यातली कालवं काढायला गेला. भरती आली. होडीवाला ओरडून ओरडून दमला, ये म्हणून. पोर आला नाही. पाणी वर चढलं आणि पोर गेला. अजून तिन्हीसांजेला त्या खडपाजवळ कुणाला हाक मारली तर दुसराच कुणीतरी "ओ" देतो. "म्हणून सांगतंय," येसूबाई शेवटी बोट उभारायची, "थोरांचा आयकावा. त्यानं आयकला नाय, नि गेला."

तो पोर आपल्याच पोटचा होता, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. गोष्ट सुरू झाली की मालिनीबाई उठून आत जायच्या. भांडी घासायच्या, नसतील तर घासलेली पुन्हा घासायच्या.

त्यांना राग होता. साधासुधा नव्हे, इतकी वर्षं मुरलेला. लवू ऐकत नव्हता असं साऱ्या गावाने ठरवलं, आणि खरं काय ते या जगात दोघींनाच माहीत होतं. त्या दिवशी खडपावर तिघं होती. टोपली भरली तशी आई ती घेऊन घरी निघाली, छोटी मालिनी दुसरी टोपली घेऊन तिच्या मागे. निघताना उरलेल्या कालवांपाशी लवूला बसवून आईने बजावलं होतं, "मी येस्तवर हितंच रव. हलू नको." लवू म्हणाला, "व्हय." आणि आई परत गेलीच नाही. मालिनीने चुलीपाशी जाऊन विचारलंसुद्धा, "आये, लवू?" "जातंय," आई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. ते थापणारे हात मालिनीबाई विसरू शकल्या नाहीत. आईला पेज भरवताना, तिचे पाय चेपताना, तिला डॉक्टरकडे नेताना, सगळं प्रेमाने करताना मध्येच ते हात दिसायचे. पण हे तोंडाने बोलून दाखवायचं धाडस त्यांना कधी झालं नाही.

अशात एक दिवस गंधारने स्टुडिओत बोलावलं. नवा भाग तयार होता. पडद्यावर खाडी उघडली, काळं खडप, ओहोटीचा चिखल, आणि खडपावर एक लहानसं पोर. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आजींची गोष्ट," गंधार खुशीत म्हणाला. "लहानपणी ऐकून अंगावर काटा यायचा. म्हटलं, ही करायचीच. फक्त एका जागी अडलोय, बाई."

"कुठे?"

"तात्पर्य बसत नाही. आजी सांगतात तो मुलगा भलताच शहाणा आहे. आईला विहिरीवरून पाणी आणून देतो, वासरू बांधून घालतो, त्याच्या आजीचा पानाचा डबा शोधून देतो, म्हटलं ते सगळं करतो. कुणाला नाही म्हणत नाही. आणि एकदम शेवटी म्हणे ऐकत नाही! हे कसं काय? माणूस असा मध्येच बदलतो होय? बघणारी पोरं विचारतील. म्हणून मी आधीच त्याला थोडा खोडकर करून घेतलाय. हे बघा, इथे आजीला वेडावून दाखवतो."

पडद्यावरच्या पोराने जीभ काढली.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांनी ती गोष्ट कधी शेवटपर्यंत बसून ऐकली नव्हती. आईने गावाचं तात्पर्य उचललं होतं खरं, पण त्या तात्पर्यासाठी लेकराला वाईट करणं तिला काही जमलेलं नव्हतं. विहिरीचं पाणी, वासरू, डबा, सगळं तिने जसंच्या तसं ठेवलं होतं.

"जीभ काढून टाक," बाई म्हणाल्या.

"मग तात्पर्य?"

"तात्पर्य चुकलंय. पोर बरोबर आहे. होडीवाला ये म्हणत होता तेव्हा तो ऐकतच होता, गंधार. आईने हलू नको म्हणून सांगितलं होतं, ते."

गंधारने भाग थांबवला. "हे आजींच्या गोष्टीत नाही."

"नाही. पण तू घाल."

त्याने घातलं. हुशार मुलगा, एवढा बदल केल्यावर सगळी गोष्टच फिरली हे त्याला लगेच कळलं. आठवड्याने बाई पुन्हा माइकपुढे बसल्या आणि त्यांनी स्वतः तयार केलेलं वाक्य म्हटलं. "मोठ्यांनी मुलांना शब्द दिला, तर तो पाळावा." आवाज इतका करडा लागला की गंधारने विचारलं, "परत घेऊया का?" बाई नको म्हणाल्या. त्यांना तो तसाच हवा होता. तो बाळगोपाळांसाठी नव्हताच.

"आधी आजींना दाखवा हां," गंधारने मोबाइलवर भाग पाठवताना सांगितलं. बिचाऱ्याला काय माहीत!

दुपारी जेवण झाल्यावर बाईंनी आईपुढे मोबाइल धरला. येसूबाईला कार्टूनचं कौतुक होतं, ती पुढे सरकून बसली. खाडी आली. खडप आलं. आई टोपली घेऊन निघाली आणि वळून म्हणाली, मी येईपर्यंत हलू नकोस. पोर म्हणालं, हो.

येसूबाईने लेकीकडे पाहिलं. मग पुन्हा मोबाइलकडे. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. होडीवाला हात हलवत होता. पोर मान हलवून नाही म्हणत होतं आणि गावाच्या वाटेकडे बघत होतं. शेवटी नुसतं पाणी राहिलं, आणि मालिनीबाईंचा आवाज आला. मोठ्यांनी मुलांना शब्द दिला, तर तो पाळावा.

बोलायचं ते बोलून झालं होतं आणि आता ते परत घेता येणार नव्हतं. आई रडेल, नाकारेल, शिव्या देईल, काहीही होईल असं त्यांना वाटत होतं. येसूबाईने यातलं काहीच केलं नाही.

"तुला ठावक व्हता तर," ती म्हणाली. "माला वाटला, तू ल्हान व्हतीस, इसरलीस."

"नाही विसरले. तू गेली का नाहीस, आये?"

"मुकादम आल्याला ना मुंबैसून. तुज्या बापाच्या गिरणीतला." येसूबाई मोबाइलच्या काळ्या काचेकडे बघून बोलत होती. "सासूला सांगितला मी, पोर खडपावर हाय. ती म्हनाली, आधी पाव्हन्याच्या पानात भाकरी पडूं दे. एक वाढून उठली, तर म्हनाली, आनी एक. दारातच बसल्याली ती. मी परत उठली. परत बसवलान." तिने पदराने ती काच पुसली. "मी आयकला तिचा. तोंडातून सबुद काढला नाय."

भाकरी थापणारे हात तेच होते, पण इतकी वर्षं त्या चुलीपुढच्या बाईच्या पाठीमागे कोण बसलं होतं ते मालिनीबाईंनी पाहिलंच नव्हतं.

"मंग सासूनंच गावात सांगितलान, पोर आयकत नव्हता. धाकू होडीवालापन म्हनाला, मी वरडलो, त्यानं आयकला नाय. सगल्यांना बरा वाटला. मीपन तेच म्हनायला लागली. म्हनता म्हनता गोष्ट झाली." तिने लेकीच्या हातावर हात ठेवला. "सासूचापन काय नको घालू हां त्यात. लेकाची नोकरी जाईल ह्या भ्यानं ती तशी वागली. तू शिकल्यालीस गो. सांग आता, ह्याचा तात्पर्य काय?"

आयुष्यभर ज्यांनी नरम बांगड्याचंसुद्धा तात्पर्य काढलं, त्या बाईंना याचं सापडलं नाही. त्यांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारख्या हमसून हमसून रडल्या. रागाला एवढी वर्षं खाऊपिऊ घातलं होतं, तो आता कुणावर धरायचा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुडिओत जाऊन जुनं वाक्य पुसायला लावलं. माइकपुढे बसून त्या एवढंच म्हणाल्या, "या मुलाचं नाव लवू होतं. तो आईचं ऐकायचा."

गंधार वाट बघत राहिला. "आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

"पण बाई, पोरांना काहीतरी..."

"मला येत नाही रे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा बघून त्याने पुढे विचारलं नाही.

भाग लागला त्या रविवारी बिल्डिंगमधली पोरं बाईंच्याच घरात जमली. येसूबाई मधोमध, शेजारी मालिनीबाई. भाग संपला. नेहमीसारखं तात्पर्य येईल म्हणून पोरं थांबली, आणि आलं नाही तशी चुळबुळ करायला लागली. तळमजल्यावरच्यांची समीक्षा, जी कुणालाही सोडत नाही, तिने येसूबाईला ढोसलं.

"आजी, तुम्ही तर सांगता तो ऐकत नव्हता."

"खोटा सांगत व्हती मी. आयकायचा तो. माजाच पोर व्हता, माजा आयकायचा."

समीक्षाने डोकं चालवलं. "मग तुम्ही हलू नको म्हणालात, आणि पाणी आलं... तर मग त्याने काय करायला हवं होतं?"

मालिनीबाईंनी मुलीला गप्प करायला हात उचलला. पण येसूबाईने तो हात खाली केला. तिने पोरीला जवळ ओढलं.

"आयकायला नको व्हता," ती म्हणाली. "माजा आयकायला नको व्हता त्यानं."