खाचेच्या उलट पडलेलं मोहाचं झाड
ती घटना आठवली की आजही हातातला चहा गार होतो. घाटंजीकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कापसानं सलग दगा दिलेली वर्षं. लोक बांधावरची झाडं विकून मोकळे होत होते.

दुपारी पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, मोह तोडता तोडता एक जन दबून मेला. पन झाड खाचेच्या उलट पडलं. तुमी येऊन पाहा."

मेलेला कुऱ्हाड चालवत होता. दोर त्याच्या चुलतभावाच्या हातात होता. दोघांचा धुऱ्यावरून, शेतांमधल्या बांधावरून, जुना वाद. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खाच मारतात. हे नेमकं मागे कोसळलं होतं. गावानं निकाल लावलाच होता: चुलतभावानंच दोर उलटा ओढला. मृताच्या बायकोनंही जबाबात तेच सांगितलं. हिरवंगार झाड, आपोआप कसं फिरेल?

चुलतभावाला ठाण्यात आणलं.

"दोर कोनीकडं ओढला?"

"खाचेकडंच साहेब. झाडानं आयकलंच नाही."

"झाड आयकत नाही म्हणजे काय रे?" मी टेबलावर हात आपटला. तो रडला नाही, बोलणंही बदललं नाही. खोटं बोलणारा दर खेपेला काहीतरी नवं जोडतो. हा तेच एक वाक्य घेऊन बसला. बाहेर जमाव खुनाचा गुन्हा नोंदवा म्हणत होता, वरून साहेबांचे फोन. माझा पाय खोलीत ठरेना.

सकाळी वनरक्षकाला घेऊन पुन्हा जागेवर गेलो. पंचनाम्याच्या वेळी खोड बुडख्यावरच आडवं पडलेलं होतं. ते बाजूला सारायला लावलं. आत पाहतो तर पिंपासारखी पोकळी, कडेला वीतभर लाकूड, मागच्या बाजूला तेही भुसभुशीत.

वनरक्षक म्हणाला, "झाडाचा जीव सालीजवळच्या ओल्या लाकडात असतो साहेब. मधला गाभा मेलेलाच. तो कुजला तरी पानं हिरवीच राहतात." खाच आणि तिच्या विरुद्ध बाजूनं घेतलेला मागचा काप यांच्यामध्ये राखलेलं लाकूड बिजागरीसारखं झाडाला धरतं. इथं राखायला लाकूडच नव्हतं. मागची कड चेपली, झाड मागे बसलं, दोराचा काय पाड लागणार? आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंधा चौफेर ठोकला असता तर पोकळ आवाज आला असता. मग वरच्या फांद्या उतरवून, दुरून काम करता आलं असतं. घाईत कोणी ठोकलंच नाही.

बुडाशी जुना जळका व्रण होता. साल जळते, तिथून बुरशी अन् वाळवी आत शिरते, असं तो म्हणाला.

पुरवणी जबाबासाठी मृताच्या बायकोला तिथंच बोलावलं. सगळं ऐकून ती व्रणाजवळ बसली.

"मोहफुलं येचाले सोपं जावं म्हनून खालचा पाला दरसाल मीच पेटवत होती," ती म्हणाली. मी म्हटलं, "बाई, सगळेच पेटवतात. हे जबाबात नसलं तरी चालेल."

"लिहा साहेब. नाही लिहिलं तं लोक चुलत दिराकडंच बोट दाखवतीन."

मी लिहिलं. तिनं अंगठा दिला. प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून बंद झालं, चुलतभाऊ सुटला. गाव ज्याला एका सुरात गुन्हेगार म्हणतं त्याच्याबाबतीत थांबून पाहावं, हे मी तिथं शिकलो. पण खरं बाहेर काढलं की ते कोणाच्या तरी डोक्यावर पडतंच, हेही शिकलो.

त्यानंतर गावात त्याला कोणी खुनी म्हटलं नाही. तिला लोक काय म्हणतात, हे विचारायची हिंमत मला बदली होईपर्यंत झाली नाही.