आई पाहुण्यांसकट हरवली तेव्हा

सारनाथपासून रामेश्वरपर्यंत माझी आई कुठंही हरवली नाही. हरवली ती भिलाईत, स्वतःच्या घरामागच्या गल्लीत, आणि तेही मला पाहायला आलेल्या पाहुण्यांसकट.

बाबा रेल्वेत गँगमन होते. पास मिळायचा, आणि मिळालेला पास वाया घालवणं आईला अन्न टाकण्याइतकंच पाप वाटायचं. भाकऱ्या बांधून ती निघायची. (बाबा घरीच. म्हणायचे, रूळ मी रोज पाहतो.) पुढं माझी मुलं तिला ‘पासवाली आजी’च म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यावाचून तिचं कधी अडलं नाही. उतरली की ती एक खूण डोक्यात पक्की करायची आणि गावभर फिरून त्याच खुणेशी परत यायची. कोणाला रस्ता विचारणं म्हणजे तिला कमीपणा वाटे. "वाट इचारनारा फसते, खूण धरनारा पोचते," असं ती आम्हाला सांगायची.

बाबा गेले, दादाला कारखान्यात काम लागलं आणि आम्ही भंडाऱ्याकडून भिलाईला आलो. कारखाना अजून बांधून व्हायचा होता, क्वार्टर मात्र रांगेनं उभे होते. सगळ्यांचा रंग एक, दार एक, खिडकी एक, आणि झाड औषधालाही नाही. शिफ्ट संपवून दमलेला माणूस भलत्याच घरात शिरून ‘वाढ’ म्हणून बसतो, याचं तिथं कोणाला नवल वाटत नसे. आईनं पहिल्याच दिवशी पुढच्या कुंपणाच्या तारेवर पिवळ्या ठिगळांची गोधडी टाकली आणि आमचं घर पक्कं केलं.

त्याच घरी मला पाहायला गोंदियाहून मुलगा आणि त्याचे वडील यायचे होते. वडील रेल्वेत गार्ड, म्हणजे सगळा कारभार घड्याळावर. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. आधीचं एक स्थळ ‘पोरगी लय मोठ्यानं बोलते’ म्हणून मोडलं होतं. त्यामुळे पाहुण्यांना आणायला स्टेशनवर निघताना आईनं मला बजावलं, "कोनी इचारलं तं बोलजो, नाही तं मुकी राह्य. अन् बोलावल्याबिगर भाहेर तोंड दाखवजो नोको."

मी मान हलवली. मावशीच्या लग्नात मी त्या मुलाला एकदा पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी जन्मभर मुकी राहायला तयार होते.

पण त्या दिवशी आठवडाभराच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलं. गल्लीगल्लीतल्या बायांनी ओल्या गोधड्या तारांवर टाकल्या. सगळ्यांची ठिगळं सुपेल्याच्या बाजारातल्या एकाच शिंप्याकडच्या चिंध्यांची, त्यामुळे जिकडं पाहावं तिकडं पिवळंच पिवळं!

मला साडी नेसवायला शेजारची दुलारीबाई आली होती. तिलाच आधी मागच्या अंगणातून दिसलं. आई रिक्षातून उतरली होती, मागच्या गल्लीत, आणि पाहुण्यांना घेऊन एका पिवळ्या गोधडीमागच्या दारात थाटात शिरत होती.

ते घर एका तेलुगू फोरमनचं निघालं. दुसरी कोणी असती तर ‘चुकलं बाई’ म्हणून मागं फिरली असती. आई पाहुण्यांना म्हणाली, आधी आमच्या शेजाऱ्यांची ओळख करून घ्या! त्या भल्या माणसांनी कॉफी पाजली. तिथून निघून आई पुढची गोधडी पाहून एका सरदारजींच्या घरी शिरली. तिथं पितळी गिलासातून लस्सी आली. आमच्या घरात पोहे गार होत होते.

मी दुलारीबाईला पिटाळलं. ती गेली तशीच हात हलवत परत आली.

"तोर दाई नइ मानत हे," ती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, तुझी आई ऐकतच नाही. आईनं तिला पाहुण्यांसमोरच सांगितलं होतं, तू चाल पुढं, मले रस्ता मालूम आहे.

आणि ती तिसऱ्या घरात शिरली. हे बंगाली होते. त्यांच्या घरून रसगुल्ले आणि चहा आटोपून मंडळी बाहेर आली तेव्हा मुलाच्या वडिलांनी खिशातून घड्याळ काढलं. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी रिक्षावाल्याला हाक मारलेली दिसली. दोघं रिक्षात चढले. आई बाजूला उभी राहून एकेका पिवळ्या गोधडीकडं पाहत होती. काशी केलेल्या माझ्या आईचा तो चेहरा मला बघवेना.

माझं स्थळ रिक्षात बसून चाललं होतं. गप्प राहिले तर जातंय, ओरडले तरी जाणारच. मग निदान ओरडून तरी जाऊ दे, असं म्हणून मी अंगणातलं घमेलं पालथं घातलं, पदर खोचला आणि भिंतीवर चढून बोंबलले,

"आई, थांब! घर इकडं आहे, अन् पोरगी बी इकडंच आहे!"

दोन्ही गल्ल्यांतली माणसं बाहेर आली. सरदारजी हातातला गिलास घेऊन आले. रिक्षा थांबली, आणि मुलानं मान वर करून मला पाहिलं. माझा पाहण्याचा कार्यक्रम तिथंच, भिंतीवर झाला.

पुढचं सगळं घाईत उरकलं. माझ्या पोह्यांना कोणी हात लावला नाही. गार्डसाहेबांनी मुलाकडं पाहिलं, मुलानं मान डोलावली आणि दोघं गाडी गाठायला पळाले. आई म्हणाली, "पाह्यलं? म्या सांगितलं होतं ना, खूण धरली का पोचते मानूस." मी तिच्या गळ्यात पडून रडले.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळं घरात पास आहे, पण तिच्याइतक्या हौसेनं निघणारं कोणी नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तिची आठवण निघाली की मी यांना मुद्दाम विचारते, भिंतीवर चढलेली पोरगी तुम्ही पसंत कावून केली? काही गोड ऐकायला मिळेल, ही माझी आशा अजून सुटलेली नाही.

"पसंत कोनं केली?" हे म्हणतात. "पोटात तीन घरचं पानी डुचमळून राह्यलं होतं. नाही म्हटलं असतं, तं तुह्या मायनं चौथ्या घरी नेलं असतं."