महिला मंडळ, दुपार

धोंडप्पा रेकॉर्ड घ्यायला कसे जातात ते एकदा बघण्यासारखं आहे. परभणीत जुन्या सामानाचं एक दुकान आहे. तिथं ते आधी पाना मागतात. मग पाण्याच्या मोटारीचं एखादं झाकण उचलून त्यात खोट काढतात, दुकानदाराच्या तबियतीची चौकशी करतात, आणि निघता निघता, वांगी चाचपावीत तसं कोपऱ्यातल्या चवडीला बोट लावून विचारतात, "ह्या ताटल्या कशाच्या?" चाळीस वर्षं रेकॉर्डी जमवणारा माणूस ताटल्या म्हणतो. दुकानदार त्यांना तीस वर्षांपासून ओळखतो. तोही म्हणतो, "काय की, पडल्यात."

मग रेकॉर्ड उन्हात तिरपी धरायची, चरे बघायचे, मधल्या भोकाभोवती सुईचे ओरखडे किती ते बघायचं. ओरखडे जास्त म्हणजे घरातल्यांनी प्रेमानं ऐकलेली. अशी रेकॉर्ड खरखरते, पण अप्पा तीच घेतात. आणि गाडीवर बसायच्या आधी एक प्रश्न ठरलेला. "पिंगळीकडच्या घरातलं काय आलं का? कॅसेटी बिसेटी?"

गाडी माझी असते. माझं सेलूत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. अप्पा एकदा टेपचा पट्टा बदलून मिळंल का विचारत आले, आणि तेव्हापासून मी त्यांचा ड्रायव्हर, मेकॅनिक आणि शिष्य असं तिन्ही आहे. पिंगळीचा प्रश्न मला कधी खटकला नाही. अप्पांच्या बायकोचं, उमाअक्कांचं, माहेर पिंगळीचं. जावयाला सासरवाडीच्या भंगाराचीही ओढ असावी, एवढाच मी अर्थ काढला होता.

अप्पांचं दुकान जिनिंगच्या मशीनच्या सुट्या भागांचं. रविवारी ते गिऱ्हाइकाला बंद आणि आम्हाला उघडं असतं. आम्ही म्हणजे अप्पा, मी आणि सिद्धोधन सर. सर शाळेत विज्ञान शिकवतात आणि आंबेडकरी जलशाच्या जुन्या कॅसेटी जमवतात, त्याही गावोगावच्या गायनपार्ट्यांनी स्वतः भरलेल्या, ज्यांच्या जगात मिळून पाच प्रती असतील. अप्पांचे दोन प्रांत. एक दखनी कव्वाली, आणि दुसरा आमच्याकडच्या शिवनाम सप्ताहात टेप ठेवून भरलेली भजनं. मला सगळंच आवडतं, असं मी पहिल्या रविवारी बोलून गेलो. सरांनी माझ्याकडं आजाऱ्याकडं बघावं तसं बघितलं.

फायलीच्या बाबतीत सर फार कडक. एमपीथ्री म्हणजे त्यांच्या मते पाणी घातलेलं वरण. फाईल मोठीच पाहिजे, दाबलेली नको. एकदा आम्ही एकच भजन दोन तऱ्हेनं वाजवून अप्पांची परीक्षा घेतली. अप्पांचा उजवा कान जिनिंगच्या आवाजानं कधीच गेलेला, म्हणून त्यांनी डावा पुढं केला आणि दुसऱ्या कडव्यालाच म्हणाले, "ही दाबलेली. टाळ ऐक की. टाळ न्हाई वाजायला, कुणी पापड चुरायलंय." बरोबर होतं. त्या दिवसापासून टाळ बरा वाजला की नाही एवढ्यावरच आमच्याकडं फायलीचा निकाल लागतो.

मागच्या महिन्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भुजंगनं एक फाईल टाकली. भुजंग पिंगळीचा मंडपवाला. त्याच्या वडिलांचे लाऊडस्पीकर होते आणि ते सप्ताहात मशीनलाच टेप जोडून ठेवायचे. त्यानं वडिलांच्या कॅसेटी कुणाकडून तरी फोनवर घेतल्या, आणि ती फाईल चार ग्रुप फिरून आमच्याकडं आली. खाली लिहिलेलं, पिंगळी सप्ताह १९९१, महिला भजन.

सरांनी ऐकली आणि म्हणाले, ह्यात बाई गायलीय का मोटारसायकल चाललीय तेच कळंना. टाळाचा तर पापडही उरला नव्हता, पीठ झालं होतं. भुजंगला विचारलं तर मूळ कॅसेट फोनवर घेताना टेपमध्ये गुंतून तुटली म्हणाला. मी हसत हसत अप्पांकडं बघितलं. अप्पा हसत नव्हते. त्यांनी फाईल परत लावायला सांगितली, मग परत. डावा कान स्पीकरला चिकटवून बसले. शेवटी सरांना म्हणाले, "सर, ही उमा हाय का महेश्वरी हाय, सांगता यील का?"

महेश्वरी म्हणजे उमाअक्कांची भावजय. ती वारून सात-आठ वर्षं झाली. दोघी सप्ताहात आळीपाळीनं म्हणायच्या आणि दोघींचा गळा सारखाच, असं अप्पा म्हणाले. सरांनी कॉम्प्युटरवर फाईल उघडून बघितली, मी दोन-चार खटपटी करून खरखर काढली. खरखरीबरोबर बाईसुद्धा निघून गेली. ती साफ केलेली फाईल फेकून दिली, मूळची तेवढी ठेवली.

"अक्कांनाच विचारू की," मी म्हणालो.

अप्पा मग जे बोलले ते आमच्याकडं न बघता, समोरच्या बेअरिंगच्या डब्यांकडं बघून बोलले. १९९१ला ते नवे जावई होते. नवा टेप घेऊन सासरवाडीला गेले होते. त्या सप्ताहात उमाअक्कांनी एक भजन एकटीनं म्हटलं, अप्पांनी ते भरलं आणि कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची चकती मोडून टाकली. चकती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. पुढं चार वर्षांनी हैदराबादच्या एका माणसानं कव्वालीची एक दुर्मीळ रेकॉर्ड एका दुपारपुरती दिली. घरात कोरी कॅसेट नव्हती. अप्पांनी चकतीच्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि कव्वाली भरली. दुसरीच कॅसेट समजून. ती ही होती हे आठवड्यानं कळलं.

"अक्कांना सांगितलं?" सरांनी विचारलं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "दुसरी मिळाल्यावर सांगायचं म्हणलं. पिंगळीत कुणी ना कुणी तरी भरलं असंल की."

म्हणजे तीस वर्षं हा माणूस पाना मागायला परभणीला जात होता.

आता अडचण अशी की मिळालेल्या फायलीत ती आहे की नाही हे फक्त तिलाच कळणार होतं, आणि तिला विचारायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. फाईल जरा बरी असती तर अप्पा गुपचूप सुटले असते. सर तसं म्हणालेसुद्धा. मी अप्पांना म्हणालो, फाईल राहू द्या. अप्पांनी दुकानाचं शटर ओढलं आणि मागच्या दारानं घरात गेले. कव्वाली भरलेली ती जुनी कॅसेट त्यांनी माझ्या हातात दिली होती. आम्ही दोघं, नको नको म्हणत, त्यांच्या मागं.

अक्का पडवीत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. अप्पा समोर पाटावर बसले. मी इतकी वर्षं त्यांना गिऱ्हाइकाशी, व्यापाऱ्याशी, सरांशी भांडताना बघितलंय. तिथं आधी पाना मागायची सोय नव्हती.

"तुझ्या गाण्यावर मी कव्वाली भरली," ते म्हणाले.

"कोणत्या?"

"पिंगळीच्या. तू एकटीनं म्हणलेलं. लय वर्षं झाली."

अक्कांनी डाळीतून एक खडा काढून बाजूला ठेवला. मग दुसरा. "चकती मोडली व्हती की तुमी. माझ्यापुढं मोडली व्हती."

"चिकटपट्टी लावली. दुसरी समजून."

"मंग त्या कव्वालीवाल्याचं तरी नाव लिहिलं का?"

"लिहिलं."

"पेटीवाल्याचं?"

"पेटीवाल्याचं बी."

अक्का माझ्याकडं वळल्या. माझ्या हातातली कॅसेट त्यांनी बघितली होती. "त्याच्या खाली आधीचं काय खोडलंय, वाच बरं."

अप्पांचं अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक कॅसेटवर गायक, पखवाज, पेटी, अगदी लाऊडस्पीकर कुणाचा तेही लिहिलेलं. मी कागद उजेडात धरला. एका रेघेखाली दिसत होतं ते वाचलं. "महिला मंडळ, दुपार."

"अशा किती हायत?"

"एकोणीस," अप्पा म्हणाले.

"एकोणीसवर एकच नाव. मंग दुसरी समजून न्हाई तर काय व्हईल?"

आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. अप्पांनी भुजंगच्या फायलीचं सांगितलं. सर चपला घालायच्या बेतात होते. पण अक्कांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, लाव काय आणलंय ते.

मी फोनवर फाईल लावली. तेच मोटारसायकलीचं भजन. अक्कांनी डोळे बारीक केले, आणि आम्हाला तीन आठवडे जे ऐकू आलं नाही ते त्यांनी भाजी निवडावी तसं वेगळं केलं. "ही महेश्वरी. मागून ओढती ती नर्मदाबाई, तिला थांबायचं कुठं ते कधी कळलं न्हाई. आता हसली बघा, ती राजेश्री. टाळ मनकर्णाबाईचा, लय घाई तिला." मग म्हणाल्या, "एकटीचं म्हणलेलं ह्यात न्हाई. ते गेलं."

अप्पांनी मान हलवली. त्यांना ते तीस वर्षांपूर्वीच माहीत होतं, तरी आत्ता कळल्यासारखी. मी फाईल बंद करायला गेलो.

"थांब की," अक्का म्हणाल्या. "महेश्वरीला खोकला यायलाय. हं. आता मी धरलंय."

"कुठं?" अप्पांनी डावा कान पुढं केला. "मला न्हाई कळंना."

अक्कांनी मला मागं घ्यायला सांगितलं. मग अप्पांचं मनगट धरलं. फाईल पुढं सरकत गेली, खोकला आला, आणि जिथं त्यांचा आवाज सुरू होत होता तिथं त्यांनी मनगट दाबलं. दोन ओळी दाबून धरलं. महेश्वरी परत आली तेव्हा सोडलं.

"परत लाव," अप्पा म्हणाले.

असं चारदा झालं. पाचव्यांदा अक्कांनी दाबायच्या आधीच अप्पांनी मान डोलावली, बरोबर जागेवर. आमच्या टाळाच्या निकालानं ती फाईल भंगारातच गेली असती. अप्पा म्हणाले, "टाळ खराब हाय. बाकी साफ हाय."

मग त्यांनी कागद मागितला आणि अक्का सांगतील तशी नावं लिहायला लागले. शेवटचं नाव आल्यावर त्यांनी सवयीनं उमादेवी धोंडप्पा असं लिहायला घेतलं.

"नुसतं उमादेवी लिहा," अक्का म्हणाल्या. "तुमी गायला व्हतात का त्यात?"

सर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. अप्पांनी 'धों' खोडला.

"आन बाकीच्या अठरा कुठं हायत?"

"माळ्यावर."

"काढा मंग. अजून मला आठवायलंय तवर."

अप्पा स्टूल शोधायला उठले.