माझं पाचट पेटवलं

आज डोळे तपासायला बारामतीला गेले होते. दुपारी वरकुट्यात उतरले, तर धूर माझ्याच रानातून येत होता.

ऊस तुटून गेला की आमच्याकडं त्याचा वाळका पाला, म्हणजे पाचट, सगळेच पेटवून देतात. मी तीन वर्षं पेटवत नाही, सरीतच कुजू देते. पाणी कमी लागतं. माती इतकी मऊ झाली होती की हातानं उकरली तरी गांडूळ दिसायचं. गाव हसतं, हसू दे.

बांधावर शेजारचे तात्या घामाघूम उभे होते. म्हणाले, "वहिनी, तुमी एकट्या. कवा पेटवणार? म्हणून मीच काडी लावली. आता काळजी न्हाय."

डोकंच फिरलं माझं. पण आमचे हे वारल्यापासून माझ्या कामासाठी आपणहून रानात कुणी आलं नव्हतं.

"बरं केलंत," एवढंच म्हणाले आणि चहा ठेवला. तात्या तासभर बोलत बसले. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज किती दिवसांनी ऐकला!

आता तुम्हीच सांगा, पुढच्या वर्षी त्यांना अडवू कशी? आणि अडवलं, तर चहाला कोण येईल?