कातारीबुवांचा कोन

लेथवर लाकूड फिरवून जिन्याच्या कठड्याचे खांब आणि खुर्च्यांचे पाय करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली कातारीबुवा म्हणायची. खरं नाव बँकेच्या पासबुकात सुखरूप होतं. बत्तीस वर्षं बुवांनी पटाश्यांना नुसत्या हाताने धार लावली. फिरत्या चाकावर पटाशी टेकवायची, मनगट वळवायचं, झालं. कोन किती ठेवता, असं कुणी विचारलंच, तर जेवताना घास किती अंशांत वळवता असं विचारल्यासारखं ते त्याच्याकडे बघत.

गेल्या वर्षापासून मात्र उजवा हात थरथरू लागला. धार वेडीवाकडी लागे, म्हणून पुन्हा घासायची, आणि गोल पटाशी पेन्सिलीसारखी आखूड होत चालली. असल्या धारेने लाकूड कापलं जात नाही, उपटलं जातं. ते घासून गुळगुळीत करणं थोरल्या बहिणीच्या वाट्याला, कारण पॉलिशचं खातं तिचं.

"तुझी धार माझ्या कोपरात उतरलीय," ताई म्हणाली. "धारेचं चांगलं यंत्र घे, नाहीतर लेथ विकून मोकळा हो."

लेथ विकायचा म्हणजे सकाळी उठून करायचं काय, हे बुवांना ठाऊक नव्हतं. ते दुकानात गेले.

दुकानदाराने तीन यंत्रं दाखवली. पहिलं भलतंच वेगवान. "यावर पोलाद तापून निळं पडेल," म्हणत बुवांनी ते बाजूला सारलं. दुसऱ्याचं चाक पाण्यात बुडून इतकं संथ फिरे की बुवांनी बसायला स्टूल मागितलं. तिसरं मध्यम गतीचं, आणि त्याला पटाशी पकडून ठेवणारा लोखंडी हात होता. बुवांनी तो दोनदा हलवून पाहिला. हलला नाही. तेच घेतलं.

"पंचेचाळीस अंशांवर लावा काका. सगळे तेच लावतात," दुकानदार म्हणाला.

लावलं. पटाशी आरशासारखी चकाकली आणि पहिल्याच खांबात अशी रुतली की टवका उडून भिंतीवर आपटला. तीन खांब वाया गेल्यावर बुवांनी लेथ बंद केला.

"लेथला गिऱ्हाईक बघ, ताई."

ताईने खोक्याच्या तळातून जोडीची दुसरी गोल पटाशी काढली. दोन वर्षांपूर्वी धार लावून अडीअडचणीला ठेवलेली. अडचण अजून आलेली नाही, असं बुवांचं मत होतं.

"ही तुझ्या चांगल्या हाताची. हिचा कोन घे की."

बुवांनी ती उजेडात धरून पाहिली. मग तिचा धारेकडचा उतार काळ्या पेनाने रंगवून त्यांनी ती लोखंडी हातात अडकवली आणि चाक बोटाने फिरवलं. शाई टोकालाच पुसली गेली. पकड सैल केली, सरकवली, पुन्हा फिरवलं. पाचव्या खेपेला शाई उतारभर सारखी निघाली, म्हणजे कोन जुळला. पंचेचाळीस कसले, उतार चांगलाच निमुळता होता. लेथ बुवांच्या उंचीला ठेंगणा. इतकी वर्षं वाकून काम करताना हाताने आपला कोन आपणच ठरवला होता.

पकड तिथेच आवळून त्यांनी आखूड पटाशीला धार लावली आणि नवा खांब चढवला. थरथर होतीच, पण लाकडाच्या लांब सलग साली निघू लागल्या. ताईने खांबावरून तळवा फिरवला आणि पॉलिश पेपर खाली ठेवला.

"किती अंश आला रे?"

"कुणी मोजलाय," बुवा म्हणाले. "उरलेले बावीस खांब इकडे सरकव."