वीज न लावलेली गिटार

पुसदला आलो तेव्हा चाचांनी सांगितलं होतं, "एक महिना पाह्यतो. जमलं तं राह्य, नाही तं तुझं कोकण तुले." चाचांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान; नात्याचे नव्हेत, सगळेच त्यांना चाचा म्हणतात. मी आठवीतून शाळा सोडलेला, तिशी उलटलेला, सिंधुदुर्गातलं काम बंद पडलेलं. परत जायला तोंड नव्हतं.

महिना भरायला चार दिवस उरले असताना कॉलेजातल्या एका सरांचा स्पीकर आला. सोबत पेनड्राइव्ह. "यातलंच लावून तपासा," म्हणाले. इंग्रजी गाणी, वीस-वीस मिनिटांची. चाचा म्हणाले, "हे गाणं होय का मालगाडी?"

दुरुस्ती करून गाणं लावलं. ड्रम, ऑर्गन, इलेक्ट्रिक गिटार, सगळं दणक्यात. आणि मधेच सगळं गेलं. उरली एक बारीक तार, तिच्यामागे घासल्यासारखा किर्र आवाज. मला वाटलं, स्पीकरचा कागदी पडदा घासत असणार. खोलला, तारांचे जोड पुन्हा झाळले, लावलं. त्याच जागी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खोलताना पेचकस निसटला आणि पडद्यातून आरपार.

लपवणं जमलंच नसतं. चाचांना सांगितलं.

"काहून खोललं बे? दुसऱ्या स्पीकरवर लावून पाह्यलं का?"

ते सुचलंच नव्हतं. लावलं, तर तिथंही किर्र.

तेवढ्यात सर आले. चाचा म्हणाले, "सांग सरले तूच." मी कसंबसं सांगितलं. सर रागावले नाहीत. "अहो, ही अकूस्टिक गिटार. वीज न लावता वाजवलेली. हे प्रोग्रेसिव्ह रॉक. यात एवढ्या गोंगाटात मधेच अशी जागा असते. आणि किर्र म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं, तारेवरून सरकतात ती."

सर गेल्यावर चाचांनी स्वतः नवा पडदा बसवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मले इचारत जाय."

मला 'जाय' तेवढंच ऐकू आलं. मागच्या खोलीत जाऊन पिशवी भरायला लागलो.

"अबे कोकण, कुठं चालला?" चाचा दारात. "इचारत जाय म्हटलं, जाय नाही म्हटलं! डीजे ऐकून आमचे कान गेले. तुले बोटं ऐकू येतेत, तुले कायले धाडू?"

मी पिशवीत तोंड घालून तसाच बसून राहिलो.

सरांनी ती गाणी मला एका पेनड्राइव्हवर उतरवून दिली. शुक्रवारी चाचा नमाजला गेले की दुकानात मी एकटाच. तेव्हा मी त्या जागा शोधत बसतो. इंग्रजी नावं धड वाचता येत नाहीत, कितव्या नंबरचं गाणं, कितवं मिनिट, एवढंच लिहून ठेवतो. आवाज वाढवला की वाजवणारा माणूस अगदी जवळ येतो. एकदा त्याचा श्वासही ऐकला.

नुसत्या अकूस्टिक गिटारीची गाणीही सरांनी दिली होती. ती माझ्याच्यानं ऐकवत नाहीत. त्यांत तो सगळा वेळ एकटाच असतो. या दणक्याच्या गाण्यांत निदान ड्रमवाला शेजारी बसलेला असतो, हात थांबवून, याचं संपायची वाट बघत.